पाठीवरचा डबा

मैत्रिणींनो, रस्त्यानं जाणारी लष्कराची हिरवी जिप्सी तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. आमच्या पिंपळे सौदागरात तर हे नेहमीचंच. रक्षक चौकाकडे गेलं की पलीकडे औंधचा लष्करी तळ, त्यामुळे भाजी आणायला बाहेर पडलं तरी एखादी हिरवी गाडी शेजारून जातेच. अशा गाडीच्या मागच्या अंगाला एक चपटा डबा पट्ट्यानं आवळून ठेवलेला असतो. त्याला जेरीकॅन म्हणतात. जादा पेट्रोलचा किंवा डिझेलचा तो डबा. इतकी वर्षं मी तो पाहत आले, पण तो डबा एका लोखंडी चौकटीत बसवलेला असतो, हे काही कधी माझ्या लक्षात आलं नव्हतं. आपण फळीवरचा डबा पाहतो, फळी कुठं पाहतो?

ती चौकट म्हणजे काय चीज आहे, हे मला दोन वर्षांपूर्वी ताम्हिणी घाटात कळलं. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठली आलीय जीप? नसेल. पण स्वयंपाकघरात गॅस असेल, नाक असेल, आणि 'तुला गाडीतलं काय कळतं' असं म्हणणारं माणूसही घरात असेलच. म्हणून सांगतेय.

झालं असं, की आमच्या चिरंजीवांनी एक जुनी जिप्सी घेतली. लष्कराच्या लिलावातून निघालेली, मग दोन हात फिरून आमच्याकडे आलेली. ही मारुतीची जिप्सी १९८५ साली बाजारात आली आणि पुढे लष्करातही गेली, डोंगराळ रस्त्यांवर फार नावाजली. तिचं उत्पादन बंद झालं तसा हौशी मुलांचा तिच्यावरचा जीव आणखीच वाढला. सूनबाईनं कपाळाला हात लावला. आमचे हे काही बोलले नाहीत. ह्यांचं सगळं आयुष्य भोसरीच्या एका प्रेसशॉपमध्ये पत्रा दाबण्यात गेलं. निवृत्तीनंतर बोलणं कमी आणि वाचन जास्त, असं झालं आहे.

गाडी आली तेव्हा तिच्या मागं जेरीकॅनची जुनी चौकट होती. गंजलेली, रंग उडालेली, ओबडधोबड. चिरंजीवांना ती शोभेना. त्यांनी ती काढून टाकली आणि एका कारागिराकडून नवी करून घेतली. काळी कुळकुळीत, गुळगुळीत, कडेला नक्षीदार भोकं पाडलेली. दिसायला खरंच छान होती, खोटं कशाला बोलू? जुनी चौकट ह्यांनी गुपचूप उचलून माळ्यावर टाकली. मी रागावलेसुद्धा, की घरात आधीच काय भंगार कमी आहे!

त्या जानेवारीत हरिहरेश्वरला जायचं ठरलं. पौड, मुळशी करत ताम्हिणीतून माणगावला उतरायचं. निघायच्या आदल्या दिवशी मुलानं तो वीस लिटरचा कॅन पेट्रोलनं गच्च भरून आणला. मी विचारलं, "अरे, वाटेत पंप आहेत ना? माणगावला तर आहेतच." तर म्हणतो कसा, "आई, रिकामा कॅन लावून जिप्सी चालवायची म्हणजे पर्स रिकामी घेऊन लग्नाला जाण्यासारखं." मी म्हटलं, जाऊ दे, हौस आहे.

पुढं मुलगा आणि हे, मागच्या बाकांवर मी, सूनबाई आणि पाच वर्षांचा छोटू. छोटूची जागा अगदी मागच्या टोकाला, कारण तिथून बाहेरचं दिसतं. म्हणजे त्याची पाठ आणि तो डबा यांच्यामध्ये एक पत्रा, एवढंच.

मुळशी धरण मागं पडलं आणि रस्ता खराब लागला. गचके बसायला लागले. थोड्या वेळानं मला पेट्रोलचा वास आला. मी म्हटलं, "वास येतोय रे." मुलगा म्हणाला, "जुनी गाडी आहे आई, येणारच." पाच मिनिटांनी मी पुन्हा म्हटलं. या वेळी सूनबाईही म्हणाली, "आईंचं खरं आहे." त्यावर उत्तर आलं, "तुम्हा दोघींना गाडीतलं काय कळतं? पुढच्या गाडीचा धूर असेल."

मैत्रिणींनो, मला गाडीतलं काही कळत नाही, हे कबूल. पण चाळीस वर्षं मी आधी रॉकेलचा स्टोव्ह आणि मग गॅसची शेगडी सांभाळली आहे. जळालेल्या धुराचा वास वेगळा आणि कच्च्या तेलाचा वास वेगळा, हे कुणी मला शिकवायला नको. शिवाय हा वास गाडी वळली की वाढत होता. तिसऱ्या वेळी मी छोटूला ओढून मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "गाडी आत्ताच्या आत्ता थांबव." माझा आवाज चढला असावा, कारण हे मागं वळून बघायला लागले आणि एवढंच म्हणाले, "थांबव."

गाडी थांबली. मागं जाऊन पाहतो तर काय! नवी चौकट ज्या चार बोल्टांवर बसवली होती, त्यांतले वरचे दोन पत्रा फाडून बाहेर आले होते. चौकट डब्यासकट बाहेरच्या बाजूला कलली होती. झाकण तिरपं झालं होतं, त्याच्या रबरी वायसरमधून पेट्रोल झिरपत होतं आणि ओघळ खाली चालला होता. त्या ओघळापासून वीतभर अंतरावर सायलेन्सरची तापलेली नळी होती. आणि दहा पावलांवर दुसऱ्या एका गाडीतली मुलं दरी बघत सिगरेट ओढत उभी होती.

हे आधी त्या मुलांकडे गेले, हात जोडून त्यांना लांब पाठवलं. आम्ही बायका छोटूला घेऊन रस्त्याच्या वरच्या अंगाला जाऊन उभ्या राहिलो. इंजीन थंड होईपर्यंत कुणी गाडीला हात लावला नाही. मग त्या दोघांनी डबा उतरवला आणि त्यातलं पेट्रोल नळीनं हळूहळू गाडीच्या टाकीत ओतलं. मुलाचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो एक शब्द बोलला नाही, आणि मीही बोलले नाही. अशा वेळी बोलून काय मिळवायचं असतं?

हरिहरेश्वराचं दर्शन झालं, परत आलो. त्या रात्री ह्यांनी माळ्यावरची ती गंजकी चौकट खाली काढली, पेपर पसरून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि मुलाला हाक मारली. मीही खुर्ची ओढून बसले.

हे म्हणाले, "आधी वजन बघ. वीस लिटर पेट्रोल म्हणजे साधारण पंधरा किलो. लोखंडी डबा चार-साडेचार किलोचा. झाले वीस." मी मनात हिशेब केला, आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे एका सिलिंडरमधल्या गॅसइतकं पेट्रोल आम्ही नुसत्या पत्र्यावर टांगून घाटातून नेत होतो! हे पुढं म्हणाले, "आणि हे वजन उभ्या गाडीचं. गचका बसला की तेच वजन दुप्पट-तिप्पट होऊन बोल्टांना ओढतं. गाडीच्या अंगाचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. नव्या चौकटीचे बोल्ट नुसते त्या पत्र्यात अडकवले होते. आता ही जुनी बघ."

जुन्या चौकटीच्या मागं एक जाड लोखंडी पट्टी होती. ती पत्र्याच्या आतल्या बाजूनं बसते, म्हणजे पत्रा दोन लोखंडांच्या मध्ये धरला जातो आणि भार चार टिकल्यांवर न पडता तळहाताएवढ्या जागेवर पसरतो. आपण भिंतीतल्या खिळ्याला जड फोटो लावत नाही, खाली पट्टी ठोकतो, तसंच. खालच्या तबकाला चारही बाजूंनी कड उचललेली होती, डबा सरकू नये म्हणून. तबकाला भोकंही होती, पण नक्षीची नव्हेत. पावसाचं पाणी आणि चिखल साचून डब्याचा तळ गंजू नये म्हणून. तुळशीच्या कुंडीला भोक असतं ते काय शोभेसाठी? आणि वरून डब्याच्या मुठींखालून जाणारा जाड विणलेला पट्टा, बक्कल लावून करकचून आवळायचा. डबा हलला की खडखडतो, खडखडला की रंग घासतो, रंग गेला की गंज, आणि गंजानंतर गळती.

नव्या चौकटीत यातलं एकही नव्हतं. कारागिरानं मागितलं ते करून दिलं होतं. मागणाऱ्यानंच रूप मागितलं, काम मागितलं नाही.

मग ह्यांची गाडी डब्यावर घसरली. पत्र्याचा माणूस, पत्र्याचं कौतुक करणारच! पण मला ते ऐकायला फार आवडलं, म्हणून तुम्हालाही सांगते.

हा डबा मूळचा जर्मन. १९३७ च्या सुमारास जर्मन सैन्यासाठी तयार झाला. दोन दाबलेले अर्धे भाग समोरासमोर ठेवून जोडलेले, त्यामुळे सांधा एकच. दोन्ही बाजूंना फुलीसारखी खोलगट खूण दिसते ना, तीही शोभेची नव्हे. पत्र्याला ताठपणा येतो आणि उन्हानं आतलं तेल फुगलं तर पत्र्याला थोडं मागंपुढं होता येतं. वर तीन मुठी. मधली धरून एकट्यानं उचलावा, कडेच्या दोन धरून दोघांनी मिळून न्यावा, आणि रिकामे असतील तर एका हातात दोन-दोन धरता येतात. आत थोडी हवा राहते, त्यामुळे भरलेला डबासुद्धा पाण्यावर तरंगतो. ज्या डब्यात पाणी भरायचं त्यावर जर्मन पांढरी फुली काढत, अंधारात गफलत होऊ नये म्हणून. आपण मिठाच्या आणि साखरेच्या बरणीला चिठ्ठी लावतो तशी.

आणि इंग्रजांकडे काय होतं, ठाऊक आहे? चार गॅलनचा पातळ पत्र्याचा चौकोनी डबा. अहो, आपल्या आजीच्या घरी रॉकेलचा डबा असायचा ना, ज्याचं वरचं तोंड कापून नंतर त्यात पीठ ठेवायचे किंवा दांडी बसवून पाणी भरायचे, त्याच जातीचा! त्याचे कोपरे किती लवकर उसवायचे, हे आपल्याला सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात या डब्यांतून पेट्रोल नेताना पुष्कळसं वाटेतच गळून जायचं. मग त्यातल्या सैनिकांनी काय करावं? फुटका डबा कापायचा, त्यात वाळू भरायची, वाळूवर पेट्रोल ओतायचं आणि पेटवून चहा उकळायचा. डब्याचा खरा उपयोग म्हणे तोच! आपल्या मराठा पलटणीचे जवानही त्या वाळवंटात लढले, तोब्रुकला होते. त्या चुलीवरचा चहा त्यांनीही घेतला असेल.

शत्रूकडून हाती आलेले डबे पाहून इंग्रजांनी आणि अमेरिकनांनी तसेच डबे बनवायला घेतले. इंग्रज सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून हा जेरीकॅन. त्यातली एक गंमत आपल्या देशाशी जोडलेली आहे. पॉल प्लीस नावाचा एक अमेरिकन इंजिनिअर १९३९ साली एका जर्मन सहकाऱ्याबरोबर बर्लिनहून मोटारीनं हिंदुस्थानाकडे निघाला. वाटेत पाणी हवं म्हणून त्या सहकाऱ्यानं बर्लिनच्या विमानतळावरचे असे तीन डबे मिळवले. पुढं सहकाऱ्याला मायदेशी परत बोलावलं, पण प्लीस गाडीसह कलकत्त्याला पोचला. ती गाडी आणि डबे १९४० मध्ये कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला गेले. अमेरिकन सैन्यानं पाहिलेल्या पहिल्या जेरीकॅनांपैकी ते होते.

१९४१ च्या सुरुवातीच्या जीपगाड्यांना मागं डब्याची चौकट नव्हतीच. जीपची टाकी चालकाच्या बैठकीखाली, पेट्रोल भरायचं तर चालकानं उठायचं. लांबच्या मोहिमेत ती पुरेना. मग मागच्या पत्र्यावर उजवीकडे जादा चाक होतं, त्याच्या डावीकडे ही चौकट बसवली. तेव्हापासून लष्करी गाडी म्हटली की पाठीवर डबा, हे चित्रच ठरून गेलं. आपल्याच पट्ट्यातल्या कारखानदारांना या गाड्यांची मोठी कामं मिळाली आहेत. टाटांच्या सफारी स्टॉर्म गाड्यांची ३,१९२ नगांची लष्करी मागणी २०१७ सालची, आणि आकुर्डीच्या फोर्स मोटर्सला २०२५ मध्ये संरक्षण दलांकडून २,९७८ गुरखा गाड्यांची मागणी मिळाली. आपल्या शेजारणींचे यजमान आणि मुलं त्याच कारखान्यांतून पाळ्या करतात. कुठल्या तरी पाळीला कुणीतरी ती मागची पट्टी मुकाट्यानं बसवत असेल, म्हणून सीमेवरच्या मुलाचा डबा जागच्या जागी राहतो.

आता माझं थोडं ऐका, कारण हे मला स्वयंपाकघरानं शिकवलं. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली जमिनीलगत साचतो. म्हणून गळती झाली तर आपण दारं-खिडक्या उघडतो, दिव्याच्या बटणाला हात लावत नाही. पेट्रोलची वाफही तशीच, हवेपेक्षा तिपटीहून जड. खाली उतरते, सरपटत जाते आणि लांबच्या ठिणगीला भेटते. त्यातून पेट्रोलला वाफ सोडायला ऊन लागत नाही. शून्याखाली चाळीस अंशांच्या थंडीतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ त्यातून निघते. म्हणजे 'थंडीचे दिवस आहेत, काही होत नाही' हे म्हणणं खोटं. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, आपल्याला कळावं म्हणून त्यात मुद्दाम वास मिसळतात. पेट्रोल तर स्वतःच ओरडून सांगतं. ते ऐकायचं की नाही, एवढंच आपल्या हाती.

शेवटी ह्यांनी ती जुनी चौकट घासून, रंगवून, मागच्या पट्टीसकट पुन्हा बसवली. फाटलेल्या पत्र्याला आतून जोड दिला, बोल्टांना स्प्रिंग वायसर घातले, तबकात रबराचा तुकडा टाकला. पण चौकट परत बसली तरी घरातला नियम बदलला. तो आम्ही दोघी सासूसुनांनी मिळून केला, आणि कुणाची हरकत आली नाही.

तुमच्या घरी जीप असो वा नसो, इन्व्हर्टरऐवजी जनरेटर असेल, गावाकडे पाण्याचा पंप असेल, तर यातलं उपयोगी पडेल:

पंप वाटेत असताना भरलेला डबा नेऊ नये. रिकामा नेला तर चौकटीची शोभा जात नाही.

डबा भरताना तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवावा. गाडीत ठेवून भरलं तर घर्षणाची वीज साचून ठिणगी पडू शकते. काठोकाठ कधी भरू नये. उन्हात वीस लिटर पेट्रोल सहज पाव-अर्धा लिटर फुगतं, त्याला जागा हवी.

पाण्याच्या किंवा सरबताच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नये. कायदाही हेच सांगतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विनापरवाना ३० लिटरपर्यंतच पेट्रोल बाळगता येतं, तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. धातूचं भांडं २५ लिटरपर्यंतचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असेल तर एक लिटरपेक्षा मोठं नको. पण कायदा परवानगी देतो म्हणून फ्लॅटच्या बाल्कनीत ते ठेवायचं नसतं. आमच्याकडे घरी आलं की डबा रिकामा, झाकण उघडं, मोकळ्या हवेत.

झाकणाचा रबरी वायसर दर वर्षी पाहावा. कुकरची रिंग आपण बदलतो ना? कडक झाली की ती धरत नाही, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक!

पेट्रोलचा आणि पाण्याचा डबा वेगळा, आणि खूण ठळक. एकदा पेट्रोल भरलेला डबा कितीही धुतला तरी पिण्याच्या पाण्याला घेऊ नये.

आणि बोल्ट मागून कशावर आवळला आहे, ते विचारावं. 'तुला काय कळतं' म्हटलं तरी विचारावं. चांगल्या कारागिराला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट तो आनंदानं दाखवतो.

मला मुलाचा राग नाही. त्याचं वयच हौसेचं, आणि माझ्या सांगण्याकडे कानाडोळा करायची सवय त्याला मीच लावली असणार. किती वेळा काहीतरी खटकलं, आणि 'जाऊ दे, ह्यांना माहीत असेल' म्हणून मी गप्प बसले आहे! त्या दिवशी दुसऱ्या खेपेला गप्प बसले असते तर? छोटू त्या टोकाच्या जागेवरच बसून राहिला असता. हा विचार अजूनही रात्री कधीतरी येतो, आणि मग झोप लागत नाही.

परवा पुन्हा मुळशीकडे फिरायला निघालो होतो. चिरंजीव आधी गाडीच्या मागं गेले, पट्टा ओढून पाहिला, चौकटीला हात लावून हलवून बघितली. मग पुढं येऊन गाडी सुरू केली, आणि निघायच्या आधी आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "आई, वास येतोय का?"

मी नाक वर करून नीट हुंगलं आणि म्हटलं, "नाही येत. चल."